एनजीसी ३११५ ही भिंगाकार गॅलक्सी दुर्बिणीत शोधायची कशी: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

एनजीसी ३११५ शोधायला बसलेले कितीतरी जण तासभर दुर्बीण इकडेतिकडे फिरवतात आणि शेवटी "आकाशच खराब होतं" म्हणून उठतात. बहुतेक वेळा आकाश ठीकच असतं, क्रम चुकलेला असतो. ही गॅलक्सी नवव्या प्रतीच्या आसपास आहे (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितकी वस्तू फिकट), म्हणजे या प्रकारच्या गॅलक्सींमध्ये चांगलीच ठळक, आणि तिचा उजेड बराचसा मधोमध एकवटलेला आहे, त्यामुळे ८० मिलिमीटरच्या लहान दुर्बिणीतूनही ती सापडते. तिच्या आसपास मात्र डोळ्यात भरेल असा एकही तारा नाही, सगळे पाचव्या-सहाव्या प्रतीचे, आणि तिथेच माणूस हरवतो.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तो जसाच्या तसा पाळा. एकेक टप्पा झाला की त्याची खात्री करा आणि मगच पुढे जा, मधली पायरी गाळून थेट शेवटच्या टप्प्यावर गेलात तर परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय आणि माझंही सुरुवातीला तेच झालंय.

## टप्पा १: आधी नाव आणि पत्ता पक्का करा

ही गॅलक्सी "स्पिंडल" म्हणजे चाती या नावानेही ओळखली जाते. पण त्याच नावाची आणखी एक गॅलक्सी आहे, एनजीसी ५८६६, ती ड्रॅको तारकासमूहात, पार उत्तरेला +५६ अंशांच्या जवळ. गंमत म्हणजे तीही भिंगाकार आणि तीही कडेवरून दिसणारी, त्यामुळे फोटो बघूनही पटकन फरक कळत नाही. अ‍ॅपमध्ये किंवा गोटू, म्हणजे नाव दिलं की स्वतःच तिकडे वळणाऱ्या, दुर्बिणीच्या रिमोटवर नुसतं "स्पिंडल" शोधलंत तर यातली कुठलीही समोर येऊ शकते. मी स्वतः एकदा पूर्ण संध्याकाळ चुकीच्या दिशेचा नकाशा छापून तयारी केली होती, रात्री दुर्बीण लावल्यावर लक्षात आलं की नकाशा दुसऱ्याच स्पिंडलचा आहे.

म्हणून नाव नको, नंबर वापरा. एनजीसी ३११५, किंवा कॅल्डवेल यादीत क्रमांक ५३. आणि हा पत्ता वहीत लिहून ठेवा:

विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान) १० तास ०५ मिनिटं १४ सेकंद, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर, दक्षिणेला उणे) उणे ७ अंश ४३ कला (६० कला म्हणजे १ अंश). तारकासमूह सेक्स्टन्स.

तपासा: अ‍ॅपमध्ये उघडलेल्या गॅलक्सीची क्रांती उणे आहे ना? अधिक चिन्ह असेल तर तुम्ही चुकीच्या स्पिंडलवर आहात.

## टप्पा २: तारीख आणि वेळ

ती खगोलाच्या दक्षिण अर्धात आहे खरी, पण विषुववृत्तापासून जेमतेम ८ अंशांवर, त्यामुळे ध्रुवांजवळचा भाग सोडला तर पृथ्वीवर जवळपास सगळीकडून दिसते. फक्त ती मध्यमंडलावर, म्हणजे सगळ्यात उंच, कधी येते ते बघायचं. साधारण २० फेब्रुवारीला मध्यरात्री, २२ मार्चच्या सुमारास रात्री १० ला आणि २१ एप्रिलच्या आसपास ८ वाजता. हे स्थानिक सूर्यवेळेप्रमाणे, घड्याळात थोडं पुढेमागे होईल.

किती उंच येईल तेही तोंडी काढता येतं. तुमच्या अक्षांशात आणि उणे ७.७ मध्ये किती अंतर आहे ते काढा आणि ९० मधून वजा करा. उत्तर २० अक्षांशावर असाल तर फरक २७.७, म्हणजे गॅलक्सी ६२ अंश उंच. उत्तर ५० वर असाल तर फक्त ३२ अंश, तिथे मात्र क्षितिजाजवळचं धुकं आणि उजेड यांचा त्रास होणार हे गृहीत धरा. दक्षिण ३५ वरून पुन्हा ६२-६३ अंश.

मध्यमंडलाच्या दोन तास आधी आणि दोन तास नंतर इतकाच वेळ ठेवा. आणि चंद्र नको. अर्धा चंद्रही नको. अनेकांना वाटतं चंद्र आकाशाच्या दुसऱ्या टोकाला आहे म्हणजे चालेल, तर तसं नाही, सगळं आकाशच उजळतं आणि गॅलक्सीच्या बाहेरच्या फिकट भागाचा पत्ताच लागत नाही, मग मधला ठिपका तेवढा दिसतो आणि तो माणूस तारा समजून पुढे जातो.

## टप्पा ३: दुर्बिणीची तयारी, अंधार पडायच्या आधी

इथे घाई करू नका, कारण पुढच्या निम्म्या चुका इथूनच येतात.

दुर्बीण पाहायच्या वेळेच्या किमान पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा. आरसा आणि बाहेरची हवा एका तापमानाला येऊ द्या. गरम आरशातून तारे उकळल्यासारखे दिसतात आणि भिंगाकार गॅलक्सीची निमुळती टोकं, जी आपल्याला बघायचीयत, तीच नेमकी पुसली जातात.

फाइंडर, म्हणजे मुख्य नळीवरची छोटी दुर्बीण, दिवसा उजेडी लांबच्या खांबावर किंवा झाडाच्या शेंड्यावर जुळवा आणि मग रात्री ठळक ताऱ्यावर पुन्हा बारीक जुळवा. नुसतं दिवसाचं जुळवणं पुरत नाही, रात्री दुर्बीण उचलून ठेवताना फाइंडर हमखास हलतो.

आता आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग. सगळ्यात कमी पट मोठं दाखवणारा, म्हणजे सगळ्यात जास्त मिलिमीटर लिहिलेला आयपीस आधी लावायचा. समजा दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आणि आयपीस २५ मिलिमीटरचा, तर १२०० भागिले २५ म्हणजे ४८ पट. अशा जोडीतून आकाशाचा साधारण १ अंशाचा तुकडा दिसतो. तुमचा तुकडा नक्की केवढा आहे हे मात्र मोजून घ्या, पुढे लागणार आहे. मोजायचं असं: खगोलीय विषुववृत्ताजवळचा (क्रांती शून्याच्या जवळ असलेला) कुठलाही तारा आयपीसच्या काठावर आणा, ट्रॅकिंग (ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारी मोटर) बंद, हात काढा आणि तो समोरच्या काठापर्यंत मध्यातून सरकत जायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. ४ मिनिटं म्हणजे १ अंश. ३ मिनिटं लागली तर पाऊण अंश. बस, इतकं सोपं आहे आणि फार थोडे लोक करतात.

सावधान: नेब्युलासाठी मिळणारे यूएचसी किंवा ऑक्सिजन थ्री फिल्टर इथे लावू नका. ते ठरावीक रंगाचा वायूचा उजेड पास करतात आणि बाकीचा अडवतात. या गॅलक्सीचा उजेड सगळा ताऱ्यांचा आहे, तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे असा फिल्टर लावला की गॅलक्सीच अंधूक होते.

## टप्पा ४: डोळ्यांची तयारी

२० ते ३० मिनिटं पूर्ण अंधारात. या वेळात एकदाही फोन बघायचा नाही. "मी स्क्रीन लाल केलीय" हे उत्तर मी खूपदा ऐकलंय, पण लाल केलेली स्क्रीनही बऱ्याचदा जास्तच उजळ असते, तेव्हा नकाशा कागदावर छापून घ्या आणि अगदी मंद लाल टॉर्चमध्ये बघा. एकदा पांढरा उजेड डोळ्यात गेला की २० मिनिटं परत शून्यापासून.

## टप्पा ५: नुसत्या डोळ्यांनी जागा ठरवा

हे करायला कोणी तयार नसतं, सगळ्यांना थेट आयपीसला डोळा लावायचा असतो. पण जागा आधी डोळ्यांत बसली पाहिजे.

मघा तारा ओळखा, सिंह राशीतला सगळ्यात ठळक. हात पूर्ण लांब करून बोटं ताणा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची वीत म्हणजे साधारण २० अंश. मघापासून सरळ दक्षिणेला एक वीत. आपली गॅलक्सी तिथे आहे, मघाचा आणि तिचा विषुवांश जवळपास सारखाच आहे त्यामुळे रेष अगदी सरळ जाते.

आता दुसरी रेष. वासुकी तारकासमूहातला अल्फार्ड हा तारा शोधा, दुसऱ्या प्रतीचा, नारिंगीसर, आणि त्याच्या आजूबाजूला त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नाही म्हणून ओळखायला सोपा. अल्फार्डपासून पूर्वेला हात लांब करून धरलेली एक मूठ, साधारण १० अंश. या दोन रेषा जिथे भेटतात तो रिकामा दिसणारा तुकडा आपला.

सावधान: पूर्व म्हणजे डावीकडे की उजवीकडे? दक्षिणेकडे तोंड करून बघत असाल तर पूर्व डावीकडे. दक्षिण गोलार्धातून उत्तरेकडे तोंड करून बघत असाल तर पूर्व उजवीकडे, आणि मघा अल्फार्डच्या खाली दिसेल. नकाशा उलटा धरून चुकीच्या बाजूला मूठ मोजणं ही फार नेहमीची चूक आहे.

तपासा: त्या तुकड्यात नुसत्या डोळ्यांना पाचव्या प्रतीचा गॅमा सेक्स्टांटिस दिसतोय का? अल्फार्डपासून पूर्वेला ६ अंशांवर. दिसत असेल तर आकाश उत्तम. दिसत नसेल तरी उठू नका, फाइंडरमधून दिसेल आणि काम होईल.

## टप्पा ६: फाइंडरमधून गॅमा सेक्स्टांटिस

फाइंडर अल्फार्डवर आणा आणि इथेच शेवटचं जुळवून घ्या, अल्फार्ड फाइंडरच्या फुलीवर आणि त्याच वेळी आयपीसच्या मध्यावर. मग पूर्वेला सरका. ६ अंशांवर, किंचित उत्तरेला, गॅमा सेक्स्टांटिस. १०×५० च्या बायनॉक्युलरमध्ये हे दोघं एकाच दृश्यात जेमतेम मावतात, त्यामुळे आधी बायनॉक्युलरने बघून घेतलं तर फाइंडरमध्ये चुकायला होत नाही.

गॅमा मिळाला की त्याच रेषेत आणखी ६ अंश पुढे एप्सिलॉन सेक्स्टांटिस आहे, जवळपास तेवढाच ठळक. आणि आपली गॅलक्सी या दोघांच्या जवळजवळ बरोबर मधोमध, त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या थोडी उत्तरेला, २२ कला. एवढं एकच लक्षात राहिलं तरी पुरे. मध्ये आणखी एक खूण आहे, १७ आणि १८ सेक्स्टांटिस ही सहाव्या प्रतीच्या आसपासची ताऱ्यांची जोडी, दोघांत १२ कलांचं अंतर, फाइंडरमध्ये दोन डोळे लुकलुकल्यासारखी दिसते. गॅलक्सी या जोडीच्या वायव्येला साधारण दीड अंशावर.

तपासा: गॅमा, एप्सिलॉन आणि ती जोडी, तिन्ही खुणा ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका. फक्त एक तारा ओळखून "हाच गॅमा असणार" असं धरून चालणारे सगळ्यात जास्त हरवतात.

## टप्पा ७: दुर्बीण थांबवा, आकाशाला सरकू द्या

हा टप्पा या लेखाचा गाभा आहे. इथे बहुतेक जण गॅमापासून अंदाजाने दुर्बीण ढकलत नेतात, ३ अंश म्हणून ५ अंश जातात, मग मागे येतात, मग गॅमाही हरवतो. ढकलायची गरजच नाही. पृथ्वी फिरतेय, गॅलक्सी गॅमाच्या मागोमाग येतेय, दोघांच्या क्रांतीत फक्त २३ कलांचा फरक आहे आणि विषुवांशात १२ मिनिटं ४४ सेकंदांचा. म्हणजे गॅमा आयपीसमधून गेल्यावर पावणेतेरा मिनिटांनी गॅलक्सी स्वतःच्या पायाने तुमच्या आयपीसमध्ये येते. साध्या डॉब्सोनियनवर, मोटर नसलेल्या दुर्बिणीवर ही पद्धत सगळ्यात छान चालते.

करायचं असं.

१. गॅमा आयपीसच्या मध्यात आणा. फोकस इथेच सुईच्या टोकासारखा करून घ्या आणि यानंतर फोकसच्या नॉबला हात लावायचा नाही.

२. आयपीसमध्ये उत्तर कुठे आहे ते ठरवा. दुर्बिणीचं तोंड अगदी हलकेच उत्तरेकडे ढकला, ज्या काठातून नवे तारे आत येतात तो उत्तरेचा काठ. न्यूटोनियनमध्ये (आरशाच्या दुर्बिणीत) चित्र पूर्ण उलटं असतं, डायगोनल (आयपीसच्या आधीचा तिरका आरसा) लावलेल्या दुर्बिणीत डावं-उजवं आरशासारखं उलटतं, त्यामुळे डोक्याने अंदाज बांधू नका, असं ढकलूनच बघा.

३. आता दुर्बीण थोडी उत्तरेला नेऊन गॅमा मध्याच्या दक्षिणेला साधारण १० कलांवर ठेवा, १ अंशाचं दृश्य असेल तर मध्यापासून काठापर्यंतच्या अंतराचा एक तृतीयांश. म्हणजे गॅलक्सी मध्याच्या उत्तरेला १३ कलांवरून जाईल, दोघांनाही सामावून घेणारी जागा.

४. ट्रॅकिंग असेल तर बंद. गॅमा पूर्वेच्या बाजूने सरकत सरकत मधल्या उत्तर-दक्षिण रेषेवर आला की त्या क्षणी घड्याळ सुरू करा. फोनचं नको, हातातलं किंवा साधं स्टॉपवॉच.

५. हात काढा. दुर्बिणीला, तिच्या स्टँडला, टेबलाला, कशालाही स्पर्श नाही. सुरुवातीची १० मिनिटं डोळे मिटून बसा किंवा अंधाराकडे बघत बसा.

६. साडेदहा मिनिटांनी डोळा आयपीसला लावा. १ अंशाच्या दृश्यात गॅलक्सी साधारण ११ व्या मिनिटाला पूर्वेच्या काठातून आत शिरते आणि १२ मिनिटं ४४ सेकंदांना मधल्या रेषेवर येते. एकूण साडेतीन मिनिटं ती तुमच्या समोर असते.

आता काय दिसतं ते नीट सांगतो, कारण नेमकं काय बघायचंय हे माहीत नसल्यामुळेही ती निसटते. काठातून आधी एक राखाडी, लांबट डाग आत येतो, आणि तो ताऱ्यासारखा टोकदार नसतो, फोकस इतका नेमका असताना सगळे तारे सुईसारखे आणि हा एकच मऊ. सरळ त्याच्याकडे बघितलं तर मधला उजळ भागच दिसतो. नजर जरा बाजूला, काठाच्या दिशेला न्या, त्याच्याकडे न बघता त्याला बघा. मग दोन्ही टोकं बाहेर येतात, निमुळती होत जाणारी, मधे जाड आणि कडेला बारीक, खरोखर सूत कातायच्या चातीसारखी.

सावधान: हीच युक्ती थेट अल्फार्डपासून करू नका. तिथून गॅलक्सी ३७ मिनिटं ३९ सेकंदांनी येते, पण ५६ कला उत्तरेने, म्हणजे अल्फार्ड मध्यात ठेवून थांबलात तर ती १ अंशाच्या दृश्याबाहेरून निघून जाईल आणि तुम्ही ३८ मिनिटं रिकाम्या आकाशाकडे बघत बसाल.

गोटू किंवा मोटर असलेली दुर्बीण असेल तर अलाइनमेंटसाठी मघा आणि अल्फार्ड हे दोनच तारे घ्या, दोन्ही गॅलक्सीच्या शेजारचे. दूरचे तारे घेऊन अलाइन केलं की या भागात अर्धा-पाऊण अंश चूक राहू शकते, आणि तेवढी चूक म्हणजे आयपीसबाहेर.

## टप्पा ८: हीच ती का, याची खात्री

दिसली म्हणून उड्या मारू नका. तीन खात्र्या करा.

पहिली. ट्रॅकिंग बंद ठेवून बघा, तारे ज्या दिशेला सरकतात ती पश्चिम. गॅलक्सीचा लांब अक्ष या सरकण्याच्या रेषेशी साधारण ४५ अंशांचा कोन करतो, कारण ती ईशान्य-नैर्ऋत्य अशी तिरकी आहे. चित्र उलटं असो की आरशातलं असो, हा कोन बदलत नाही, म्हणून ही खात्री मला सगळ्यात भरवशाची वाटते.

दुसरी. दुर्बिणीला हात न लावता बसून राहा. गॅलक्सी गेल्यावर १२ मिनिटं २४ सेकंदांनी, म्हणजे घड्याळ सुरू केल्यापासून २५ मिनिटं ७ सेकंदांनी, एप्सिलॉन सेक्स्टांटिस येतो, आणि जवळपास त्याच वाटेने जातो जिथून गॅमा गेला होता, फक्त २ कला उत्तरेने. तो वेळेवर आला म्हणजे दुर्बीण मधे हलली नव्हती आणि तुम्ही बघितलेलं बरोबर जागेवरचं होतं. आला नाही तर गॅमाच चुकीचा होता किंवा दुर्बीण सरकली.

तिसरी. डाग तिरक्या नजरेने मोठा होतो आणि सरळ बघितल्यावर आकसतो का? काचेवरच्या दवाची चमक किंवा जवळच्या ताऱ्याचं प्रतिबिंब असेल तर दुर्बीण किंचित हलवल्यावर ते ताऱ्यांच्या मानाने जागा बदलतं. गॅलक्सी ताऱ्यांबरोबरच सरकते.

## टप्पा ९: मोठेपणा वाढवा, पण आत्ताच

खात्री झाल्यावर मग आयपीस बदला. १०० ते १५० पट. २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १०० पट म्हणजे डोळ्यात जाणाऱ्या उजेडाचा झोत २ मिलिमीटरचा, लहान गॅलक्सींना हा फार छान मानवतो, कारण मागचं आकाश काळं पडतं आणि गॅलक्सी मोठी होते.

इथे एक अपेक्षा मनातून काढून टाका, नाहीतर वाईट वाटेल. सर्पिल हात शोधू नका. ते नाहीतच. भिंगाकार गॅलक्सी म्हणजे तबकडी आहे, मधला फुगवटा आहे, पण हात नाहीत आणि नवे तारे घडवायला लागणारा वायू व धूळ फार थोडी उरलीय. तारे जुने, फोटोत पिवळसर. वर्गवारीत हिला एस-शून्य म्हणतात. ही आपल्याला जवळपास कडेवरून दिसते, त्यामुळे भिंग बाजूने धरल्यासारखी. काळी धुळीची रेघ शोधण्यातही वेळ घालवू नका, कडेवरच्या सर्पिल गॅलक्सींमध्ये ती असते, इथे दिसणार नाही.

मग बघायचं काय? आतून बाहेर या. आधी केंद्र, जवळजवळ ताऱ्याइतकं टोकदार. त्या ठिपक्याच्या जागी सूर्याच्या साधारण १ ते २ अब्ज पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे, ते दिसत नाही, पण केंद्राजवळचे तारे ज्या वेगाने फिरतात त्यावरून ते मोजलं गेलंय. त्याभोवती गोलसर फुगवटा. मग दोन्ही बाजूंना जाणारी बारीक उजळ रेघ, ही तबकडी, २०० मिलिमीटर किंवा मोठ्या दुर्बिणीत चांगल्या रात्री वेगळी कळते. आणि सगळ्यात बाहेर फिकट प्रभामंडळ, जे फक्त तिरक्या नजरेने, आणि नळीला बोटाने हलकीशी टिचकी मारून चित्र हलवलं तर पटकन जाणवतं, कारण आपल्या डोळ्याला स्थिर फिकट डागापेक्षा हलणारा फिकट डाग लवकर कळतो.

फोटोंमध्ये तिची लांबी ७ कला आणि रुंदी अडीच कला येते. डोळ्याला त्याच्या निम्मी दिसली तरी तुमचं बरोबर चाललंय. किमान १५ मिनिटं द्या तिला. पहिल्या मिनिटाला जे दिसतं आणि दहाव्या मिनिटाला जे दिसतं त्यात खरंच फार फरक असतो.

सावधान: २५० पटीच्या वर गेलात तर बहुतेक रात्री हवा साथ देत नाही, सगळं मऊ होतं आणि वाटतं फोकस गेला. फोकस फिरवत बसू नका, एक आयपीस मागे या.

## फोटो काढणार असाल तर थोडक्यात

नेहमीची चूक एकच, लांब एक्सपोजर. केंद्र इतकं उजळ आहे की ते जळून पांढरा गोळा होतो आणि तबकडीची रेघ त्यात बुडते. लहान लहान, ३० ते ६० सेकंदांच्या, खूप फ्रेम घ्या आणि मग स्टॅक करा, म्हणजे एकावर एक जोडा. हिस्टोग्राम बघून केंद्र पूर्ण भरलं नाहीये ना ते पहिल्या फ्रेमलाच तपासा, शंभराव्या फ्रेमनंतर नाही. आणि प्रोसेसिंग करताना कडा फार ओढू नका, नाहीतर नसलेले हात दिसायला लागतात.

## अजूनही दिसत नसेल तर

या क्रमाने तपासा. आयपीसच्या काचेवर दव आहे का, आडवा उजेड धरून बघा. फोकस गॅमावर केला होता का, की जमिनीवरच्या दिव्यावर. ज्याला गॅमा म्हणताय त्याच्या पूर्वेला ६ अंशांवर तेवढाच ठळक एप्सिलॉन आहे का. उत्तर दिशा ढकलून ठरवली की अंदाजाने, कारण गॅमा दक्षिणेऐवजी उत्तरेला ठेवलात तर गॅलक्सी मध्यापासून ३३ कलांवरून जाते आणि १ अंशाच्या दृश्यात काठाबाहेरून निघून जाते. माझ्या मते न सापडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

दृश्य १ अंशापेक्षा लहान असेल, समजा अर्धा अंश, तर गॅमा मध्याच्या दक्षिणेला १२ कलांवर ठेवा म्हणजे गॅलक्सी उत्तरेला ११ कलांवरून जाईल. दोघंही आत राहतील पण काठाजवळून, आणि गॅलक्सी समोर राहण्याचा वेळ सव्वा-दीड मिनिटावर येईल, तेव्हा डोळा अकराव्या मिनिटापासूनच तिथे हवा.

## टप्पा १०: नोंद

पेन्सिलीने एक वर्तुळ काढा, आयपीसचं दृश्य म्हणून. पश्चिम कुठे ते बाणाने दाखवा. आधी तारे, मग केंद्र, मग लांब अक्षाची तिरकी रेघ, शेवटी बोटाने घासून बाहेरचा फिकटपणा. बाजूला तारीख, वेळ, दुर्बीण, किती पट, चंद्र होता का, आणि गॅमा गेल्यापासून गॅलक्सी मधल्या रेषेवर यायला तुमच्या घड्याळात किती मिनिटं लागली. १२ मिनिटं ४४ च्या आसपास १०-१५ सेकंद इकडेतिकडे चालतात. मिनिटभराचा फरक असेल तर त्या रात्रीची नोंद "संशयित" म्हणून ठेवा आणि पुढच्या अंधाऱ्या रात्री टप्पा ६ पासून परत करा.